बारा पेरांचा शेजार

उस्मान सोलकर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा चेहरा नंतर येतो, आधी उजव्या हाताचा अंगठा येतो. तो करंगळीच्या खालच्या पेरापासून निघायचा, एकेक पेर दाबत वर चढायचा आणि मग शेजारच्या बोटावर उतरायचा. चार बोटं, बारा पेरं. ओठ किंचित हलायचे, आवाज अजिबात नाही.

हा अंगठा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्हाला मस्कतला येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. रुसैलच्या कारखान्यात मी क्वालिटी विभागात रुजू झाले होते. नवऱ्याची, समीरची, नोकरी कुरुमच्या एका ऑफिसात. इराची शाळा अजून सुरू झाली नव्हती, म्हणून एक दिवस तिला सोबत घेऊन गेले होते. फाटकाशी कामगारांच्या बसगाड्या लागत होत्या आणि त्यांच्या मधोमध, हातात वही घेतलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी इराकडे पाहिलं. नाव विचारलं नाही, गाल ओढला नाही, थेट विचारलं, "कितवीत?"

"पहिलीत जाईल आता," मी म्हटलं.

अंगठा निघाला. बाराही पेरं फिरून आला. मग ते समाधानानं म्हणाले, "चांगला हाय," आणि बसकडे वळले.

मी भारावून गेले. या परक्या मुलखात एका अनोळखी मुसलमान माणसानं माझ्या मुलीसाठी बोटांवर दुवा मोजली, असं मी त्या संध्याकाळी समीरला सांगितलं. पुण्याला आईला फोन करून सांगितलं. पुढची चार वर्षं मी हा किस्सा भेटेल त्याला ऐकवत होते. माणूस किती आत्मविश्वासानं चुकू शकतो, याचं मला स्वतःपलीकडे दुसरं उदाहरण द्यावं लागत नाही.

सोलकरभाई आमच्या कारखान्याचं ट्रान्सपोर्ट सांभाळत. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका वाडीतले. कंपनीच्या क्वार्टरांतून कामगार आणणाऱ्या अकरा बसगाड्या, त्यांचे ड्रायव्हर, त्यांची भांडणं आणि त्यांचे पंक्चर झालेले टायर हे सगळं त्यांच्या ताब्यात होतं. उंची बेताची, मिशी नाही, पांढरी दाढी बारीक कातरलेली. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. इतर लोक 'यल्ला', म्हणजे 'चला', असं ओरडतात, हे 'यल्ला' असं म्हणायचे की जणू झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करतायत. तरी बस सुटायची.

त्यांचा एक नियम सगळ्या कारखान्याला पाठ होता. बसच्या वेळेच्या बाबतीत त्यांच्यासमोर 'इन्शाल्ला' म्हणायची सोय नव्हती. एखादा ड्रायव्हर म्हणाला, "सहा दस, इन्शाल्ला," की हे वही मिटायचे. मला एकदा त्यांनी समजावून सांगितलं होतं, "ताई, इन्शाल्ला कुठं म्हनायचा? लग्न असंल, पोराचा रिझल्ट असंल, आपल्या हातात नाय असा काय असंल तिथं. बस आपल्या हातात हाय. सहा दहा म्हंजे सहा दहा."

आम्हाला घर मिळालं ते त्यांच्यामुळे, आणि आमच्या मूर्खपणावर मात करून मिळालं. गुब्र्यात चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट आम्ही पाहिला होता. घरमालक खल्फान नावाचे वयस्कर ओमानी गृहस्थ होते. त्यांनी स्वयंपाकघर दाखवलं, गच्ची दाखवली, आणि मग खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बोट करून मोठ्या कौतुकानं म्हणाले, "मद्रसा! मद्रसा! वाजिद करीब!" आम्ही दोघंही हसलो, 'इन्शाल्ला' म्हणालो आणि खाली येऊन गाडीत बसलो. "आपल्याला काही प्रॉब्लेम नाही हं," मी म्हटलं, "पण पहाटेपासून पाठांतराचा आवाज येणार, इराची झोपमोड होणार." समीर म्हणाला, "तेच म्हणतोय मी." दोन पुरोगामी माणसं अशी एकमेकांना सांभाळून घेत परत गेली.

सोमवारी सोलकरभाईंनी विचारलं, घराचं काय झालं. मी अडखळत सांगितलं की घर छान आहे, पण अगदी शेजारी एक, म्हणजे, धार्मिक शिक्षण देणारी संस्था आहे. ते गोंधळले. कुठली इमारत, कुठला रस्ता विचारलं, आणि मग बसच्या पायरीवर मटकन बसून पोट धरून हसले.

"ताई, अरबीत शाळेलाच मद्रसा म्हनतात! केजीची पन मद्रसा, बारावीची पन मद्रसा. तो म्हातारा तुमाला इंडियन स्कूल दाखवत होता." डोळे पुसत त्यांनी पुढं सांगितलं, "लाजू नका. मी नवा होतो तवा माजा उलटा झालता. जो तो मद्रसा मद्रसा करायचा, मला वाटला काय धार्मिक मुलूख हाय! आमच्या गावच्या मद्रशात मी छडी खाल्लेली. म्हनून मी वर्सभर त्या शाळांवरून लांबनं जायचो."

त्यांनी तिथल्या तिथं खल्फानना फोन लावला. आमच्या जागी दुसरं कुणी आलं नव्हतं. "खलास," फोन ठेवत ते म्हणाले, "घर तुमचा."

आम्ही राहायला गेलो, आणि महिन्याभरात कळलं की सोलकरभाई स्वतःच घर शोधतायत. तेही भाड्याचं नाही, विकतचं. परदेशी माणसाला लांब मुदतीच्या हक्कानं फ्लॅट घेता येतो अशा काही इमारती मस्कतमध्ये आहेत, आणि आयुष्यभराची कमाई ते त्यातल्या एका फ्लॅटमध्ये घालणार होते. त्यांच्या बायकोला, झुलेखाभाभींना, घर बघायला सोबत बाईमाणूस हवं होतं. चौकशी हा आमच्या घराण्याचा जुना रोग. मी एका पायावर तयार झाले.

सगळं मस्कत शुक्रवारी घरं बघतं, कारण सुट्टी असते. सोलकरभाई शुक्रवारी घर बघायला साफ नकार द्यायचे. "शुक्रवारी सगळी घरा शहानी असतात," ते म्हणायचे. कामाच्या दिवशी, स्वतः अर्धी रजा टाकून आणि मला टाकायला लावून, दुपारी दीडच्या सुमाराला, शाळा सुटते त्या वेळी ते इमारतीच्या दारात हजर. एजंट वैतागायचा. उन्हात गाड्यांची रांग, हॉर्न, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, रडणारी धाकटी भावंडं. विकायचं घर दाखवायची ही वेळ नव्हे. हे मात्र त्या गर्दीकडे प्रदर्शन बघावं तसे बघत उभे राहायचे.

आत गेल्यावर आणखी गंमत. लिफ्ट असली तरी हे जिन्यानं चढायचे. प्रत्येक मजल्यावर थांबायचे आणि बंद दारांसमोरचे चपलांचे स्टँड निरखायचे. मोठ्या माणसांच्या चपला सोडून फक्त शाळेचे काळे बूट. कधी वाकून बोटांनी लांबीही मापायचे. एका बाईनं दार उघडून "येस?" म्हटलं तेव्हा मी दुसरीकडे बघत उभी राहिले. मुंबईत असतो तर एव्हाना सोसायटीनं आम्हाला बूटचोर म्हणून धरलं असतं.

एजंटानं त्यांना एक जागा दाखवली होती ती मी विसरणार नाही. गावाबाहेर, समुद्राच्या काठी, खाली पोहण्याचा तलाव, सज्जात उभं राहिलं की निळंच निळं. शाळा मैलोन् मैल नाही, म्हणून किंमतही बेताची. एजंट म्हणाला, "भाईसाब, आपके बच्चे नहीं हैं. स्कूल के पास फालतू पैसा क्यों देना? ये लो, शांती है."

सोलकरभाईंना मूलबाळ नव्हतं, हे मला तेव्हा असं उघड्यावर कळलं. मी चटकन भाभींकडे पाहिलं. त्या समुद्राकडे बघत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "समुद्र काय करू? जल्माला आल्यापासून बघतेय. समुद्र दार वाजवून साखर मागायला येनार हाय काय?"

ती शांती तिथंच राहिली. सोलकरभाईंनी घर घेतलं ते आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर, दाराला दार लागून. शाळेच्या भिंतीपासून दीडशे पावलं. जास्त किंमत देऊन, लहान खोल्यांचं.

यावर कारखान्याच्या कँटीनमध्ये बरीच चर्चा झाली. मूल नसलेल्या माणसानं शाळेला खेटून घर का घ्यावं? डिस्पॅचमधल्या बाई म्हणाल्या, "पोरं नाहीत ना, म्हणून जीव टाकतात बिचारे. येता-जाता मुलं दिसतात." समीरला हे पटलं नाही. त्याच्या मते सोलकरभाई पक्के हुशार होते. शाळेजवळचं घर पडत्या काळातही विकलं जातं, कारण आपल्याला मुलं नसली तरी घेणाऱ्याला असतात. मी दोन्ही मतांना मान डोलावली. मला बाईंचं मत जास्त आवडलं, कारण त्यात डोळे भरून यायची सोय होती. आणि पेरांवरच्या त्या दुवेशी ते जुळतही होतं.

भाभींच्या स्वयंपाकघराविषयी सांगितलंच पाहिजे. तिथली निम्मी भांडी माणसांच्या नावांनी ओळखली जात. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "थॉमसला जरा खाली काढ गो, माजा हात पोचत नाय." मी घाबरून इकडे तिकडे पाहिलं. थॉमस म्हणजे वरच्या फळीवरचा प्रेशर कुकर. पूर्वी भाड्यानं असताना रुवीत शेजारी राहणारं थॉमस कुटुंब कोचीनला परतताना तो ठेवून गेलं होतं. मिक्सरचं नाव शहा. भाभींच्या सांदणांच्या वाट्या ज्या पातेल्यात वाफवल्या जायच्या ते पातेलं म्हणजे फर्नांडिसबाई. खिडकीतलं कढीपत्त्याचं झाड लक्ष्मी, म्हणजे देवी नव्हे, हैद्राबादची लक्ष्मी. "शहाचा आवाज बिघडलाय," "फर्नांडिसबाई करपली," असं त्या इतक्या सहज म्हणायच्या की मीही म्हणायला लागले. आखातातून जाणारं माणूस जड सामान नेत नाही, शेजाऱ्याला देऊन जातं. भाभींकडे नऊ कुटुंबांचं सामान जमलं होतं.

शाळा दीडला सुटायची, मी चारला घरी पोचायची. मधले अडीच तास इरा भाभींकडे. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. तांदळाची भाकरी, माशाचं कालवण, मग गृहपाठ. इराचं मराठी इथल्या सगळ्या मुलांसारखं लंगडत चालायचं. भाभींकडे जाऊन ते चालायला लागलं, फक्त रत्नागिरीच्या वळणानं. एकदा तिनं पुण्याच्या आजीला फोनवर सांगितलं, "आजी, आमचा घर लय मोठा नाय." आजीनं मला नंतर वेगळा फोन केला.

इरा पाचवीत असताना एका दुपारी तिचा कारखान्यात फोन आला. "आई, भाभी फनी बोलत होत्या. घाम पण खूप आला. मी शुगर वॉटर दिलं, त्यांनीच शिकवलं होतं ना तसं. आता बऱ्या आहेत. मला ओरडतायत, युनिफॉर्मवर सांडलं म्हणून."

मी ट्रान्सपोर्टच्या खोलीत धावले. सोलकरभाई आणि मी त्यांच्याच गाडीतून निघालो. घरी पोचलो तर भाभी पलंगावर बसून इराच्या युनिफॉर्मवरचा डाग ओल्या फडक्यानं पुसत होत्या. डाग एका बाजूला होता आणि त्या भलतीकडेच पुसत होत्या. तेव्हा मला कळलं की त्यांना मधुमेह आहे, साखर कधी एकदम उतरते, एवढंच मला ठाऊक होतं, त्यांची नजर जात चालली आहे हे ठाऊक नव्हतं. चार वर्षं मी त्यांच्या घरात रोज चहा पीत होते. चौकशीचा रोग असलेल्या बाईनं हे पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी सोलकरभाई आमच्या दारात आले. आत बसा म्हटलं तर बसले नाहीत. चौकटीला टेकून उभे राहिले आणि एकदम बोलायला लागले.

"ताई, रुवीत आमी सतरा वर्सा भाड्यानं होतो. नऊ शेजारी झाले. बॅचलर आला, वर्सात गेला. नवा जोडपा आला, बाई बाळंतपनाला गावी गेली ती परत आली नाय. पन ज्याचा पोर शाळेत, तो हालत नाय. नोकरी बदलंल, गाडी विकंल, पन पोराची बारावी झाल्याशिवाय घर सोडनार नाय. मी शाळेच्या बशी पन चालवल्यात पयले, तवापासून बघतोय. पयलीतला पोर म्हंजे बारा वर्सांचा शेजारी." ते थांबले. "मी पाचला घर सोडतो, चारला येतो. मधे हिला कोन? आनि उद्या मीच नसलो तर?"

"गावाला का नाही जात?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"गावाला कोन हाय? आमच्या वाडीत तीस घरा, पंचवीसना कुलूप. चाव्या सगळ्या गल्फात." ते जरासे हसले. "तो एजंट म्हनला, पोरा नाय तर शाळा कशाला. अरे, पोरा नाय म्हनूनच शाळा."

मला काहीतरी उलगडत होतं, पण पुरतं नाही. मी विचारलं, "म्हणजे तुम्ही सगळ्यांना 'कितवीत' विचारता ते..."

"हां. किती वर्सा ऱ्हायली ते कळतं. बूट बघितला की पन अंदाज येतो."

"आणि त्या दिवशी फाटकाशी? इराला बघून तुम्ही बोटांवर दुवा म्हणत होता ना?"

"दुवा?" त्यांना खरंच समजेना. मग त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "नाय ताई. मोजत होतो. पयली ते बारावी. बाराच्या बारा आली, अख्खा हात भरला. तुमाला घर मिळाल्यावर बाजूचा मी तवाच पक्का केला. मधे ते समुद्र-बिमुद्र बघितला ते फक्त हिच्या मनात काय ऱ्हायला नको म्हनून."

खरं सांगते, मला राग आला. चार वर्षं जिला मी आशीर्वाद समजत होते ती आमची मुदत निघाली. घर घेताना लोक पाण्याचा दाब बघतात, लिफ्ट बघतात, तसं या माणसानं आम्हाला बघितलं होतं. दोन दिवस मी भाभींकडे चहाला गेले नाही. तिसऱ्या दिवशी समीर म्हणाला, "तुला पुण्यात कुणी बारा वर्षांसाठी धरून ठेवलं होतं का? तुझ्या सख्ख्या भावानं?" मला तेव्हा उमगलं की आयुष्यात माझ्या असण्यावर इतका भरवसा कुणीच टाकला नव्हता, आणि तोही न सांगता, न मागता, स्वतःचं सगळं पणाला लावून. मी उठले आणि चहाला गेले. भाभींनी विचारलंही नाही, दोन दिवस कुठं होतीस. शहाचा आवाज दुरुस्त झाला होता, तेवढं सांगितलं.

आणि तो भरवसा मोडला तो आम्हीच.

इरा आठवीत असताना समीरच्या कंपनीनं त्याची जागा बंद केली. पुण्यात त्याला चांगली नोकरी मिळत होती. महिनाभर आम्ही घरात कुजबुजलो. माझ्या एकटीच्या नोकरीवर मी आणि इरानं मागं राहावं का, हाही विचार केला. पण चार वर्षं कुटुंबाचे दोन तुकडे करायची माझी तयारी नव्हती. ही गोष्ट सोलकरभाईंना सांगायची होती, आणि मी ती रोज उद्यावर ढकलत होते. शेवटी एका सकाळी कारखान्यातच, बसेस लागायच्या वेळी, उभ्याउभ्या सांगून टाकलं. एप्रिलमध्ये जातोय.

त्यांचा अंगठा आपोआप निघाला. नववी, दहावी, अकरावी, बारावी. चार पेरांवर थांबला.

"चार ऱ्हायली होती," ते म्हणाले. मग माझा चेहरा पाहून घाईघाईनं म्हणाले, "तुमची चूक नाय. मी पोराचा मोजला, बापाच्या नोकरीचा मोजायचा ऱ्हायला. चूक माजी." आणि रात्रपाळीच्या कामगारांना परत नेणाऱ्या सहा दहाच्या बसकडे गेले. ती बस त्या दिवशी सहा तेराला सुटली. माझ्या माहितीत एवढी एकच.

भाभींनी ऐकलं आणि माझा हात चाचपून धरला. आता त्यांना माणसं आवाजावरूनच कळायची. "मग काय ठेवून जातेस?" त्या म्हणाल्या. "तो तुजा सपाट तवा ठेव. रोज तुजा नाव घेईन."

त्या हे प्रेमानं म्हणाल्या. मी तवा होणार होते. पुढच्या वर्षी याच ओट्याशी दुसरी कुणी बाई उभी राहणार आणि भाभी तिला सांगणार, वैशालीला जरा गॅसवरून उतरव. तीही उभी राहिली तर. आमच्या जागी कोण येणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी ठरवलं की ते मला ठाऊक असलं पाहिजे.

खल्फाननी एजंटाला फ्लॅट दाखवायला सांगितलं होतं. तो शुक्रवारी गिऱ्हाइकं घेऊन आला. मी त्याला म्हटलं, शुक्रवारी नाही, कामाच्या दिवशी दीड वाजता आण, मी रजा काढते. पहिले आले दोन इंजिनीअर, अविवाहित. त्यांची कंपनी सबंध वर्षाचं भाडं आगाऊ देणार होती. मग एक नवविवाहित जोडपं. मग एक कुटुंब आलं, मी आशेनं विचारलं, "मुलं कितवीत?" एकच मुलगा, बारावीत. मी त्यांना बाथरूमची गळती जरा जास्तच रंगवून सांगितली. एजंट मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, आप तो जा रहे हैं. आपको किसी के बच्चों से क्या मतलब?"

दुसऱ्या आठवड्यात मदुराईकडची एक तरुण बाई आली. नवरा रुग्णालयात तंत्रज्ञ, मुलाला समोरच्या शाळेत नुकताच प्रवेश मिळालेला. तिला घर आवडलं, पण ती घासाघीस करत होती. मी तिला आत बसवून भाभींविषयी सगळं सांगितलं. साखरेचं, नजरेचं, दुपारच्या अडीच तासांचं. काहीच लपवलं नाही. एकदा मुदत लपवून ठेवली की काय होतं ते मला माहीत होतं. ती ऐकत राहिली. म्हणाली, "मेरी माँ को भी शुगर है. वहाँ कौन देखता है? पड़ोसी."

खल्फानना मात्र इंजिनीअर हवे होते. एका दुपारी मी हलवा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि मोडक्या अरबीत, मोडक्या हिंदीत, हातवारे करत त्यांना समजावत राहिले. मद्रसा. लहान मुलगा. शेजारची आजारी बाई. उस्मान. खल्फाननी कहव्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "अल-जार कब्ल अद-दार." त्यांच्या मुलानं मला अर्थ सांगितला: आधी शेजारी, मग घर. ही इकडची म्हण आहे, लहान मुलांनाही पाठ असते. घर त्या मदुराईच्या बाईला मिळालं.

निघायचा दिवस कामाचा होता. सामान गेलं होतं, घर रिकामं. तवा मी डिस्पॅचमधल्या बाईंना देऊन टाकला होता. भाभी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि चिडल्या होत्या. "एक भांडा पन नाय ठेवलास? नऊ जनांनी ठेवला."

"नाही ठेवलं," मी म्हटलं. इरा त्यांच्या गळ्यात पडून रडत होती, रत्नागिरीच्या मराठीत.

सोलकरभाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. आमच्या बॅगा त्यांनीच लिफ्टपाशी नेल्या. मी म्हटलं, "आम्ही येऊ पुन्हा. नक्की."

"इन्शाल्ला," ते म्हणाले. हा शब्द ते कुठं वापरतात हे मला माहीत होतं.

तेवढ्यात जिन्यानं मदुराईची बाई वर आली. एका हातात कुंडी, दुसऱ्या हातात मुलाचा हात. शाळेच्या पहिल्या दिवसाची तयारी म्हणून नवे काळे बूट तिनं पिशवीतून काढले आणि आमच्या, म्हणजे आता तिच्या, दारासमोरच्या स्टँडवर ठेवले. माझी वीत त्यांना जास्त झाली असती.

सोलकरभाईंनी बूट पाहिले. गुडघ्यांवर हात टेकत हळूहळू खाली बसले. मुलगा आईच्या साडीमागं गेला.

"कितवीत?" त्यांनी विचारलं. मग आठवण होऊन, "कौन सी क्लास?"

"केजी वन," साडीमागून आवाज आला.

अंगठा निघाला. करंगळी, अनामिका, मधलं बोट, तर्जनी. बारा पेरं संपली आणि अंगठा हवेत थांबला. मग त्यांनी डावा हात पुढं केला आणि त्याच्या करंगळीची दोन पेरं दाबली. तिथं ते थांबले, आणि बसल्या जागेवरून त्यांनी मान वर करून आधी भाभींकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. लिफ्ट आली होती. समीरनं दार धरून ठेवलं होतं.

"ताई," दोन्ही हात तसेच उघडे धरून ते म्हणाले, "एका हातात मावला नाय."